चिमटा

दस्तगीर चेन पुढच्या चक्रावरून
अंगठ्याने उचलून धरतो. अर्धा दात उघडा पडतो.
"कधी घातलेली?"
तीन वर्षं, मी म्हणतो.
पाच झाली.

खडकी बाजारात टपरीसमोर
माझी सायकल उलटी, चाकं वर.
सळईच्या ब्रेकचे गुटके झिजून
अंघोळीच्या साबणाच्या चिपेएवढे राहिलेत,
ती चीप, जी आमच्या घरी नव्या वडीला चिकटवतात.
"रेंजहिल्सच्या उतारावर लोखंडाला लोखंड लागेल, काका."
अजून चालतंय की, मी म्हणतो.

अजून चालतंय की.
एकतीस वर्षं दापोडीच्या वर्कशॉपात
हे वाक्य मी कुणाचं ऐकून घेतलं नाही.
एसटीचे स्टिअरिंगचे जॉइंट माझ्या टेबलावरून जायचे.
केसाएवढी चीर दिसली की लाल खडू.
फोरमन मिराशी हात जोडायचे,
साहेब, सोलापूरची गाडी आहे, पहाटे सुटायचीय.
म्हणूनच, मी म्हणायचो.

दस्तगीर आता पुढच्या चिमट्यापाशी थांबतो.
तिथे रंग जरा जास्तच काळा आहे.
खिडकीच्या गजांचा उरलेला, दिवाळीत मीच लावला.
गंजू नये म्हणून, असं इंदुमतीला सांगितलं.
तिने विचारलं नव्हतं.

तो पॉलिशपेपर घेतो.
मी त्याला थांबवत नाही.
रंग निघाल्यावर मीच रॉकेलचा बोळा मागतो,
फिरवतो, कोरडं पुसतो,
पंक्चरच्या दराच्या पाटीखालचा खडू घेऊन
लोखंडावर घासतो.
"हे काय?"
थांब जरा.

दोघं उकिडवे बसून बघतो.
केळीवालाही येऊन बघतो.
पांढऱ्या खडूतून हळूहळू
एक ओली रेघ वर येते,
करंगळीच्या नखाएवढी लांब.

गुटके बदल. चेन बदल. चिमटा नवा.
"आणि जुना? भंगारात टाकू?"
नाही. बाद माल आख्खा गेटबाहेर जात नाही,
कुणीतरी रंग लावून परत वापरतं.
हातोडी दे.

मला वाटलं होतं पाच-सहा घाव लागतील.
पहिल्यालाच तुटला.

केळीवाला काहीतरी पुटपुटला.
दस्तगीरने दोन्ही तुकडे उचलून
माझ्या पिशवीत घातले,
आणि चेन काढायला बसला.
मी बोपोडीपर्यंत चालत गेलो.