चार नट

कांजूरचा पूल उतरलं की पुढे
गाडी आधी कुजबुजली, मग फडफडली,
मग चप्पल तुटलेल्या माणसासारखी चालू लागली.
रात्रीचे पावणेबारा. मुलुंडच्या हळदीहून परत,
मी, सासूबाई,
आणि मागच्या सीटवर कुणीतरी बांधून दिलेले सात लाडू.

लगेच थांबले नाही.
दिव्याखालची सपाट जागा येईपर्यंत
कडेकडेने रखडत नेली.
रिमचं काय व्हायचं ते होवो.

चारही दिवे टिकटिकायला लावले.
हँडब्रेक. पहिला गिअर.
"उतरा, आई. डावीकडून. रेलिंगच्या पलीकडे उभ्या राहा."
"बसते की गाडीतच. माझं वजन ते किती!"
शेजारून एक ट्रेलर गेला.
अख्खी गाडी शहारली.
मग त्या उतरल्या, लाडवांसकट.

लाल त्रिकोण पाच वर्षं आपल्या पिशवीत झोपून होता.
तो उघडून मी मागे चालत गेले
येणाऱ्या दिव्यांकडे तोंड करून,
वर्गात उशिरा शिरावं तशी, भिंत नसताना भिंतीला चिकटून.
पन्नास पावलं मोजली. मग भीती वाटली म्हणून अजून वीस.

नशीब, चाक डावं होतं, मागचं.
त्यात बोटभर स्क्रू,
असा ऐसपैस बसलेला जणू जागा आधीच धरून ठेवली होती.

नवऱ्याला फोन लावला. तो नागपूरला, अर्ध्या झोपेत.
"जॅक लाव," म्हणाला, "मग बघू."
मी जॅक लावायला वाकले.

"आधी नट सैल कर."

वर पाहिलं.
रेलिंगपलीकडे जरीचा काठ, मोबाइलचा उजेड,
आणि चौदा वर्षं मीठ नि वेळ याखेरीज
माझ्याशी फारसं काही न बोललेला आवाज.
"चाक जमिनीवर आहे तोवरच. उचललंस की ते तुझ्यासोबत
गरागरा फिरत बसेल.
आणि पुढच्या चाकाला दगड लाव."

दगड लावला.
पान्यावर हाताचा जोर पुरेना.
"पाय दे. वरून. झटका नको, भार दे."
नटाने कण्हून जागा सोडली.

मग जॅक, खाचेत नीट बसवून.
चाक हवेत.
"आत हात घालू नकोस. स्टेपनी सरकव गाडीखाली,
पडलीच गाडी तर तिच्यावर पडू दे."
नट मी रेलिंगवरून एकेक दिले,
त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारली,
लग्नात सुपारी बांधतात तशी, आणि वर मोजले:
चार.

स्टेपनी ओढून काढली, चढवली.
"आता समोरासमोर आवळ. ओळीने आवळलंस
तर चाक तिरकं बसतं."
गाठ सोडून एकेक परत देत होत्या,
बोटं काळी, बांगडीला ग्रीस.

"हे कुठे शिकलात?"
एक बस गेली. ती जाईपर्यंत थांबल्या.
"भांडुपला पंख्यांचा कारखाना होता.
एकोणीस महिने होते मी. दिवसाला चाळीस मोटरी बसवायचे.
लग्न ठरलं तेव्हा म्हणाले, कारखान्याचं काढू नका सासरी.
नाही काढलं."
मग, थोड्या वेळाने,
"माझ्या मोटरींचा आवाज येत नसे."

जॅक उतरवला. चाक जमिनीला टेकलं तेव्हा
पुन्हा एकदा, पाय देऊन, चारही.
पंक्चर झालेलं चाक डिकीत, मला पेलेना,
त्यांनी एक बाजू धरली.
"त्रिकोण राहिला," त्या म्हणाल्या.
मी परत सत्तर पावलं गेले.

स्टेपनीवर सावकाश, साठच्या आत.
कुणी काही बोललं नाही.
मला विचारायचं होतं, पगार किती होता,
मैत्रिणी होत्या का, डब्यात काय न्यायच्या.
पाना त्यांच्या मांडीवर होता.
लाडू डिकीत गेले होते, चाकाशेजारी.

छेडानगरच्या अलीकडे पेट्रोल पंप आला.
"आत घे," म्हणाल्या,
"नवं बसवलेलं सैल पडतं. एकदा तपासून घेऊ."
मी हँडब्रेक ओढला
तोवर डावं दार उघडलेलं होतं,
पदर कमरेला खोचलेला,
आणि त्या खाली बसल्या होत्या.