सव्वा मूठ

उत्तरेला सातपुडा, थंडीत हवा निवळली तरच;
एरवी नुसती धूळ, आणि धुळीमागे तो असेल असा समज.
दक्षिणेला काळ्या दगडाची सरळ भिंत, मैलभर,
कोणीच न बांधलेली.
मध्ये नदी. म्हणजे नदीचं पात्र.
वर धरण झाल्यापासून पाणी वेळापत्रकानं येतं,
एस.टी. मात्र नाही.

गाव धामरणे.
रेल्वे येणार होती म्हणे, पणजोबांच्या काळी.
साहेब मोजणीचे खांब रोवून गेले, परत आले नाहीत.
एका खांबाला पुढे कोणीतरी शेंदूर लावला,
त्याला आता नवस बोलतात.

बंधारा कोणाचा, यावर पारावर दोन तट.
एक म्हणतो, गवळी राजाचा.
दुसरा म्हणतो, राजे कुठे बांधतात, पाथरवट बांधतात.
फडाला पाणी सुटायचं तेव्हा
कोणाच्या वावराला किती घटका, ते पाटकरी सांगायचा.
शेवटचा पाटकरी उखर्डू कोळी.
तो गेला, घटका त्याच्यासोबत गेल्या.
कोरड्या चारीत आता पोरं क्रिकेट खेळतात,
जागा लांबट, अरुंद,
सगळे फटके सरळच मारावे लागतात.

उखर्डू म्हणजे उकिरड्यावर टाकून परत उचललेला.
तसाच सुपडू, तसाच धुडकू, तसाच शेनफडू.
आधीची दोन-तीन दगावली की आया अशी नावं ठेवायच्या.
मरण यादी घेऊन आलंच दारात
तर त्याला वाटावं, हा तर केर,
पुढच्या घरी जाऊ.

मे महिन्यात मी यादी घेऊन गेले.
शाळेची बाई, खांद्याला पिशवी, डोक्यावर ओला रुमाल.
भिलाटीत दारं सुतळीनं बांधलेली, माणसं सौराष्ट्रात.
गफूर पिंजारी म्हणाला, गाद्या तयार येतात आता,
पण कमान आहे भिंतीला,
तिच्यासाठी काही रकाना?
नव्हता.

बनाबाईला तिच्याच बोलीत विचारलं,
घरमा कितला?
सात, म्हणाली.
पत्र्याखाली एक खाट, एक तांब्या.
"मना दोन्ही आंडोर सुरतले शेतस, लिखी ल्या.
त्यासना पोरे लिखी ल्या."
मी म्हटलं, आजी, काल रात्री इथे झोपले तेवढेच धरायचे.
"मी तरी कोठे निजनू, बाई?"

मी लिहिलं: एक.

श्रावणात कानबाई बसली
आणि गुजरातच्या पाटीच्या गाड्यांनी गल्ल्या भरल्या.
दोन हजार दोनशे चौदा, हा माझा आकडा,
दोन रात्रींपुरता उघडा पडला.
बनाबाईच्या अंगणात रोटाचे गहू निघाले,
घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ.
थोरल्याची. धाकट्याची. नातवाची.
"मनी?" नात म्हणाली, दिंडोलीत नववीला आहे ती.
"आंडेरनी नही ऱ्हास."

मी उंबऱ्याशी उभी होते, चहाचा कप हातात.
माझी मूठ माहेरी कधी पडली नाही,
सासरी पडत नाही.
सरकारी कागदावर तेवढी मी अख्खी एक आहे.

म्हातारीचा हात पुन्हा पोत्यात गेला,
बाहेर आला, आणि पाटीवर सांडला.
हात कापतो तिचा, सुना म्हणाल्या.
सांडलेलं कोणी वेचलं नाही,
तेही दळायला गेलं.

सोमवारी विसर्जन. मंगळवारी गाड्या गेल्या.
माझा आकडा परत खरा झाला.

रोट बाहेर द्यायचे नसतात,
पुनवेच्या आत घरातच संपवायचे.
तीन माणसांचे, आणि सांडलेल्या एका मुठीचे,
माझ्या वहीतली ती एक
रोज दुधात कुस्करून
संपवते आहे.