गॅस न पेटवता

एप्रिल. बेचाळीस अंश.
जेल रोडच्या तिसऱ्या मजल्यावर
ओट्याची फरशीसुद्धा चटका देते.
आज गॅस पेटणार नाही, मी जाहीर करून टाकलं.

कालचा पाव, कडक झालेला,
हातानंच तोडला.
बिटको चौकातले टोमॅटो मिठात मुरले,
पाणी सुटलं,
पावानं ते सगळं पिऊन टाकलं.
कांदा, काकडी, व्हिनेगरचे चार थेंब,
ऑलिव्ह तेल मात्र मोजून दोन चमचे.
बेसिल कुठून आणू?
कुंडीतल्या सब्जाची पानं चुरडली,
हाताला वास राहिला तो राहिलाच.

नानांनी ताटलीकडे पाहिलं.
"इटलीत हे जेवतात?"
"उन्हाळ्यात, हो."
"आणि पोळी?"
"पाव आहे ना त्यात."
"म्हणजे कोशिंबीरच की. भिजलेली."

तेहतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात
काढलेला माणूस.
टोमॅटोची एक चकती काट्यावर उचलून
त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली.
बिया, शिरा,
आरपार लाल.
एक डोळा मिटून बराच वेळ तपासली.

"खरी आहे," म्हणाले.

मग दुसऱ्यांदा वाढून घेताना,
माझ्याकडे न बघता,
"मीठ जरा कमी पडलंय."