दुसरी वही

मंडळाचा इतिहास लिहा म्हणाले, स्मरणिकेसाठी.
एक पान, फार तर दीड,
पुढं कार्गोवाल्याची जाहिरात आहे.

कपाटातून वह्या काढल्या.
पाठीवर आकडे: एक, तीन, चार, पाच.

पहिलीत इम्मानुएल वाघचौऱ्यांचं अक्षर,
नगरच्या मिशन शाळेत घोटलेलं,
प्रत्येक काना विहिरीत सोडलेल्या दोरासारखा सरळ.
कुवेत शहर. शुक्रवार. हजर नऊ. विषय: मीठ.
वक्ते स्वतः चिटणीस, कारण ठरलेल्या वक्त्यांना
रिफायनरीत जादा पाळी.
नियम तिसरा: भाषण चाळीस मिनिटं, प्रार्थना धरून.
चौथा खोडलाय.
पाचवा: प्रश्न विचारायला उठलेल्यानं प्रश्नच विचारावा.

दोन वर्षांनी वसईचे आले, डाबरे आणि तुस्कानो,
आणि वाद सुरू झाला,
फलकावर येशू लिहायचं की जेजू.
अकरा पानं चाललाय.
ठराव: वक्त्याच्या तोंडी येईल ते.
खाली सह्या. सह्यांखाली पेन्सिलीनं:
आजचा चहा तुस्कानोंतर्फे.

सभागृह सहा ते सव्वासात आपलं.
आधी मल्याळी, मागून अरबी मंडळी.
आपण बसायचो ते दुसऱ्यांनी तापवलेल्या खुर्च्यांवर
आणि उठायचो तेव्हा त्या तिसऱ्यांसाठी गरम असायच्या.
एका पानावर एवढंच:
धुळीचं वादळ. हजर दोन. व्याख्यान झालं.
कुणी दिलं, कुणी ऐकलं, लिहिलेलं नाही.

शेवटची नोंद सत्तावीस जुलै, एकोणीसशे नव्वद.
पुढील शुक्रवारी, तीन ऑगस्ट,
सिस्टर सुलोचना पाटोळे, परिचारिका.
विषय: तहान.

गुरुवारी पहाटे रणगाडे आले.

तिसरी वही ब्याण्णवची. अक्षर पाटोळेबाईंचं,
डाव्या अंगाला कललेलं, घाईचं,
नाडीचे ठोके मोजताना लिहावं तसं.
हजर सहा. तीन खुर्च्या मोडक्या.

फोन लावला. त्या आता जालन्यात असतात.
एका कानानं ऐकतात, तो कान शोधण्यातच
माझे दोन दिनार गेले.
बाई, दोन नंबरची वही कुठंय?
"ती घेतलीच नव्हती रे.
कागद कुठून आणायचा? पट्ट्या संपल्या तेव्हा
आम्ही चादरी फाडत होतो.
वाघचौरे लेकरं घेऊन बसनं बगदाद, मग अम्मान.
मी राहिले. वॉर्ड भरलेला होता, कुठं जाणार?
शुक्रवारी तळघरात बसायचो.
एक कोट्टायमची, एक मडगावची, मराठी मी एकटी.
नंतर तुस्कानो यायचा, पिठानं पांढरा,
बेकरीत लपलेला असायचा."

आणि तुमचं व्याख्यान?
"दिलं ना. हिंदीत दिलं, मोडक्या.
चाळीस मिनिटं कसली!
नळात वारा वाजायला लागला की पाणी येणार,
मग सगळ्या बादल्यांकडं.
दर शुक्रवारी तिथंच तुटायचं.
विहिरीपाशी ती बाई घागर ठेवते ना,
त्याच्या पुढं मी कधी गेलेच नाही."

मग नव्या वहीवर तीन का घातलात?

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. एक. दोन.
मला वाटलं फोन तुटला.

"दुसरी झाली होती ना," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी मसुदा पाहिला. त्या जागी
'काही काळ कार्य स्थगित' घाला म्हणाले, सुटसुटीत.
मी घातलं. घरी येऊन खोडलं.
आता पान दीडाच्या वर जातंय
आणि कार्गोवाला रोज फोन करतोय.

आज शुक्रवार. हजर अकरा, एक तान्हं धरून.
वक्ता सालमियाच्या सिग्नलला अडकलाय,
विषय त्यानं अजून कळवलेला नाही.
मी खुर्च्यांमधून फिरत
प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली ठेवतो,
म्हाताऱ्यांसाठी झाकणं आधीच सैल करून.