दोन बोटं अलीकडं

माजलगावच्या स्टँडवर शनिवारी पहाटे
आम्ही चौघी आणि चार लाठ्या.
कंडक्टर म्हणाला, यांचं तिकीट?
शिवलीला म्हणाली, आमचं अर्धं, तर यांचं पाव कापा.
अख्खी गाडी हसली. मीही हसले,
खिडकीकडं तोंड करून.

दोन वर्षं झाली, शिवलीला माझ्याशी बोलते
ते दुसऱ्या कुणाला तरी सांगून.
भिशीचे सात हजार.
तिच्या वहीत ते माझ्याकडं, माझ्या वहीत तिच्याकडं.
मधे बसलेल्या रेहाना आणि मंगरूळकर मॅडम
धारूरचा घाट लागेस्तोवर
एकाच डब्यातलं दोघींना वेगवेगळं वाढत होत्या.

किल्ल्याच्या मागं, सीताफळाच्या माळावर
नसिरोद्दीन वस्ताद खडे वेचत होते.
चाळीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात,
एक कान तिथंच ठेवून आलेले.
आम्हाला वाटलं, जागा साफ करतायत.
ते खडे आणून त्यांनी आमच्या पायांखाली टाकले.
"इथं उभं राहा. हलायचं नाही.
सपाटीवर कुणीबी उभं राहतंय, माय."

दुपारपर्यंत नुसतं उभं. मग नुसतं मनगट.
आत, बाहेर, आत, बाहेर.
लाठीचा आवाज आधी झाडूसारखा,
मग सुपासारखा,
चार वाजता एकदाच, कसा कोण जाणे,
भोवऱ्यासारखा घुमला
आणि माझ्याच नडगीवर येऊन बसला.
रेहाना म्हणाली, हाण, शत्रू घरातच हाय.

रात्री शाळेच्या ओट्यावर येसर आणि भाकरी.
थंडी उलीशी.
सीताफळाच्या बिया लांब थुंकायची पैज.
मॅडम जिंकल्या,
ज्या थुंकणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करतात.
मग कंदिलाखाली तळवे पसरून
फोड मोजले.
माझे पाच. शिवलीलाचे सहा.
तिनं आकडा रेहानाला सांगितला.

रविवारी वस्तादांनी जोड्या लावल्या.
त्यांना काय माहीत.
एका कानानं ऐकणाऱ्या माणसाला
कोण कुणाशी बोलत नाही ते ऐकू येत नाही.
किंवा तेवढंच येत असेल.

"डोक्यावर पुरा वार. जोर कमी करायचा नाही.
पण कपाळाच्या दोन बोटं अलीकडं थांबायचं.
आन् समोरचीनं पापणी लववायची नाही.
लाथ काय, गाढवबी घालतंय. थांबवून दाखवा."

आधी शिवलीला.
लाठी निघाली तेव्हा नुसती सळसळ होती,
थांबली तेव्हा बांबू होता,
पेरावरची भेग दिसावी इतका जवळ.
माझ्या भुवयांवर फक्त वारा आला.

मग मी.
"खांद्यात काय भरलंय तुझ्या?" वस्ताद ओरडले.
काय सांगू. सात हजार.
दोन दिवाळ्या.
तिची आई गेली तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन
मी परत फिरले होते, ते.
मनगट म्हणालं, थांब.
खांदा म्हणाला, थांबतो की, घाई काय.

थांबली लाठी.
दोन बोटं उशिरा.
शिवलीलाची पापणी लवली नाही.
रक्त नाही, सूज नाही,
कपाळावर नुसता एक फिकट गोल,
टिकलीच्या जागेचा.
टिकली लाठीच्या टोकाला.

रेहानाची लाठी फिरायची थांबली.
मॅडम पाण्याची बाटली उघडून तशाच उभ्या.
शिवलीला माझ्याकडं बघून म्हणाली,
माझ्याकडंच,
"लिहून ठेव. सात हजार एक."

मला आधी कळलंच नाही. मग हसू आवरेना.
तिलाही.
दोघी खाली बसलो त्याच खड्यांवर, पोटं धरून,
आणि वस्ताद चांगला कान पुढं करून विचारत राहिले,
काय म्हणली? कामून हसायल्यात?

सोमवारी पोस्टात शिक्का उचलवत नाही.
लाठी दाराआड उभी आहे,
मरून टिकली तिच्यावर तशीच, धूळ धरून.
हिशेब मिटलेला नाही.
दुपारी तिचा फोन आला, वही घेऊन ये म्हणाली,
मी म्हणाले, तू ये.

पुढच्या महिन्यात पुन्हा धारूर.
कंडक्टर तोच असला तर बरं.