एकुलती

बेडगच्या मळ्यात, जांभळाखाली
बसूला बसवून पुरलंय.
आमच्यात तसंच पुरतात, मांडी घालून.
त्याच्या पोटात उजवीकडं माझी डावी किडनी आहे.
गेला तो हार्टनं.
ती शेवटच्या दिवसापर्यंत चालू होती.

दुसरी इथं, मिरजेत, सोनोग्राफीच्या पडद्यावर.
तिच्या दाराशी खडा,
चौदा मिलिमीटर.
दीड दिवस थेंब नव्हता,
आणि मी म्हणत होते, ऊन फार आहे.

मगदूम डॉक्टरांनी विचारलं, दुसरी कुठाय?
भावाला दिली.
भाऊ कुठाय?
मी खिडकीबाहेर बोट केलं,
अंदाजानं, बेडगच्या अंगाला.
"एकुलती आहे," ते सिस्टरला म्हणाले,
लेकीबद्दल सांगावं तसं.

आधी डी.जे. टाकला.
जाऊबाई दारातनंच ओरडल्या,
आता गं बाई, मिरवणूक काढताय काय हिची?
नळी होती, शेवयीएवढी.
रात्रभर तिच्यातनं मी वाहिले,
आणि आयर्विन पुलाच्या खुणेवरून पूर उतरावा
तसं क्रिएटिनिन उतरलं,
पॉइंटापॉइंटानं.

पंधरा दिवसांनी लेझर.
बसूच्या वेळी कुशीत वीतभर चिरलं होतं,
अजून ढगाळ हवेत खाजतं.
या खेपेला सुरी नाही.
आले ते पाण्याच्याच वाटेनं,
केसाएवढी तार घेऊन.
कमरेखाली मी नव्हतेच,
वर पडद्याकडं बघत होते:
आत गुलाबी भिंती,
आणि दगडावर एक हिरवा ठिपका, चिकाटीचा.

सव्वीस वर्षं मी यार्डाजवळच्या हळदीच्या गिरणीत आहे.
वाळला गड्डा कसा वागतो मला ठाऊक आहे.
आधी नुसता कडेनं झिजतो,
लई वेळ ऐकत नाही.
डॉक्टर म्हणाले, फोडायचा नाही, पीठ करायचं.
मी म्हटलं, वस्त्रगाळ करा.
सगळे हसले.
त्यांचा हात तेवढा हलला नाही.

आता मोरीत चहाची जुनी गाळणी घेऊन बसते.
कण येतात, मोहरीहून बारीक,
रंगानं आमच्या गिरणीतलेच.
कागदाच्या पुडीत बांधते, तपासायला.
नातू विचारतो, आज्जी, काय गोळा करतीस?
मी म्हणते, पगार.

काल बेडगला गेले.
रोज तीन लिटर प्यायला सांगितलंय.
एक तांब्या जांभळाच्या बुडाशी ओतला,
एक मी प्यायले.
मग सावलीत बसून राहिले, मांडी घालून,
लघवी लागेपर्यंत.