राई

हेक्समच्या वर, वाऱ्याला पाठ करून
ऑलिव्ह चार्ल्टनच्या सात पेट्या.
फेब्रुवारीतल्या शनिवारी माझं काम उचलण्याचं:
पेटी एका बाजूनं चार बोटं वर,
आणि वजन अंदाजानं सांगायचं,
मूल कडेवर घेताच कळतं तसं.
"जड," मी म्हणतो. ती वहीत लिहिते.
"जड." लिहिते.

पाचवीला हात भसकन वर गेला,
जिन्यात नसलेल्या पायरीवर
पाऊल पडावं तसा.

तिनं लाकडाला कान लावला, पेरानं टकटक केली.
बाकीच्यांतून उत्तर येतं, एक हूं, लगेच विझणारा,
झोपेत कूस बदलताना दिलेला.
इथून काही नाही.

आत मूठभर माश्या,
मेणाच्या घरांत डोकी खुपसून, शेपट्या बाहेर.
मध दोन बोटांवर होता.
एवढ्याशा घोळक्याला थंडीत
तेवढंही अंतर कापता आलं नाही.
तळफळीवर तांबूस किडे,
मोहरीएवढे, चपटे.
"ऑगस्टात औषध घालायचं राहिलं," ऑलिव्ह म्हणाली,
"माझ्या खुब्याचं ऑपरेशन."
आणि तेही लिहिलं.

दुपारी न्यूकॅसलहून डंकन आला, कॅमेरा घेऊन.
त्याला पाचवीच हवी होती.
"जरा डावीकडे, मागच्या पेट्या दिसतायत."
मागच्या सहा गुणगुणत होत्या, फोटोत आवाज येत नाही.
"शेवटच्या माश्या, असं म्हणता येईल?"
"कशाच्या शेवटच्या?"
तो बिचारा गोंधळला, मग हसला.
जाताना तिनं त्याला हेदरच्या मधाची बरणी दिली.

रविवारी पाचवी पेटी अर्ध्या पानभर,
वर अक्षरं हाताच्या पंज्याएवढी.
शेजारीण सूप घेऊन आली, सुतकात आणावं तसं.
शाळेतून चित्रं आली, प्रत्येक माशीच्या डोळ्यात एक थेंब.
सांगलीहून भावाचा निरोप:
तिकडच्या माश्या संपल्या म्हणे, आता तुमचं काय?
मी लिहिलं, सातातली एक.
त्याला वाटलं, एकच उरली.

आपल्याकडे म्हणतात, राईचा पर्वत केला.
इथे पर्वत तेवढा छापला;
राई तळफळीवरच राहिली,
तिच्याबद्दल एक ओळ नाही.

एप्रिलमध्ये गावानं वर्गणी काढली,
माश्या वाचवायला आणखी दहा पेट्या घेतल्या,
आमच्याच माळावर ठेवल्या.
ऑलिव्हनं आभार मानले. ती तशी भिडस्त.
मग माझ्याकडे न बघता म्हणाली,
"गाई वाढवून हरणं कशी वाचतील?
चारा तर तेवढाच."

विलोला तुरे आले. तिसऱ्या पेटीच्या दारात
माश्या पिवळ्या पिशव्या लावून उतरतायत,
बाजारातून आल्यासारख्या, धापा टाकत.
मी सांगतो, ती लिहिते:
पराग, भरपूर. राणी दिसली. स्वभाव तिरसट.

तिच्या वहीत मागे एक पान आहे,
दगडी भिंतीत एकेकट्या राहणाऱ्यांचं,
ज्यांना पेटी नाही, मध नाही, फोटो नाही.
गेल्या वर्षी एकोणीस भोकं.
त्याखाली यंदाची तारीख घातलीय,
पुढे रेघ.
खुबा दुखतो म्हणून तिला वाकवत नाही.
मी गुडघ्यांवर बसलो.
"एक," मी म्हणालो,
आणि बराच वेळ भिंत बघत राहिलो.